झोपते कुठे, ते आधी सांगा

चिटणीस बाई कुठल्याही घरात शिरल्या की पहिला प्रश्न एकच विचारायच्या. पोरानं चोरी केलेली असो, कोणाचं डोकं फोडलेलं असो, शाळेच्या ऑफिसला आग लावलेली असो. बाई चप्पल काढायच्या, मिळेल त्या स्टुलावर बसायच्या, पाणी प्यायच्या आणि म्हणायच्या, "पहले ये बताओ, सोता कहाँ है?" मुलगी असली तर, "सोती कहाँ है?"

घरचे गडबडायचे. वकिलानं पढवलेली उत्तरं त्यांच्याकडे तयार असायची. लडका सीधा है, संगत खराब है, वगैरे. झोपण्याचं उत्तर कोणी पढवलेलं नसायचं. मग कोणीतरी बोट दाखवायचं आणि बाई उठून त्या जागेपाशी जाऊन उभ्या राहायच्या. एकदा तर त्या एका जिन्याखाली चक्क आडव्या झाल्या होत्या. वय पंचावन्नच्या पुढे, गुडघे कामातून गेलेले. उठताना घरच्या तिघांनी हात दिला. "पाय लांब करता येत नाहीत तिथे," मला नंतर म्हणाल्या. "पोरगा साडेपाच फुटाचा आहे. सहा वर्षं घडी घालून झोपतो. आता बोल."

अठरा वर्षांच्या आतल्या कोणी गुन्हा केला की प्रकरण मुलांच्या बोर्डापुढे जातं. बोर्ड निकाल देण्याआधी एका माणसाला त्या घरी पाठवतं. घर कसं आहे, शेजार कसा आहे, हे असं का झालं, याचा रिपोर्ट तो माणूस लिहितो. आमच्या उज्जैनमध्ये बरीच वर्षं तो माणूस म्हणजे चिटणीस बाई. वस्त्यांमध्ये त्यांना 'प्रोबेशनवाली मैडम' म्हणत. घराणं जुनं, शिंद्यांच्या दरबारात कागद लिहिणाऱ्यांचं. त्यावर बाईंचं म्हणणं असं, "आमच्या खानदानात सगळे लिहीतच आले. आधी राजासाठी, आता सरकारसाठी. वाचत कोणीच नाही."

रिपोर्टच्या फॉर्मात गुन्ह्याच्या कारणांची यादी छापलेलीच असते. पालकांचं दुर्लक्ष, वाईट संगत, व्यसन, गरिबी. समोर चौकोन. टिक करा आणि मोकळे व्हा. बाई त्या चौकोनांत पेननं कधी टिक करत नसत. पेन्सिलीनं करायच्या, खोडायच्या, पुन्हा करायच्या, आणि शेवटी खाली एक वेगळा कागद जोडायच्या. ऑफिसातले लोक हसायचे. मीसुद्धा हसले असते, पण माझी त्यांची ओळखच मुळी त्या पेन्सिलीनं झाली.

त्या वर्षी एका सोळा वर्षांच्या मुलीचं प्रकरण गाजत होतं. तिचं नाव इथे लिहिणार नाही. बदललेलंही नाही. गल्ली लिहिणार नाही, बापाचा धंदा लिहिणार नाही. का, ते पुढे येईलच. ही मुलगी उभ्या गाड्यांचे आरसे फोडायची. स्कूटर, मोटरसायकल, कार, दिसेल ते. हातात फरशीचा तुकडा. चोरायची काही नाही, पळायचीही नाही फारशी. महिनाभर हे चाललं. एके दिवशी रिटायर झालेले एक पोस्टातले काका आपली स्कूटर पुसत वाकले होते, तिला ते दिसले नाहीत, आणि काच त्यांच्या डोळ्यात गेली. तो डोळा अधू झाला तो झालाच. मग मोहल्ला पेटला. ठाण्यावर रोज गर्दी. सोळा वर्षांच्या मुलीला मोठ्यांच्या जेलमध्ये टाका, अशी मागणी करणारे लोक मी माझ्या कानांनी ऐकले आहेत. यातले निम्मे संध्याकाळी रामघाटावर आरतीला हात जोडून उभे असतात.

मला संताप आला. संताप आला की मी पर्चा लिहिते, लोकांत वाटायचं पत्रक. मी ज्या कार्यकर्त्यांच्या गटात होते, त्यानं मला तेच शिकवलं होतं, आणि ते वाईट नव्हे. मी एका बैठकीत लिहून काढलं: दोषी कौन? दारुड्या बापाचा मार, घर सोडून गेलेली आई, उपेक्षा करणारी शाळा, आंधळा समाज. मुलीचं नाव बदललं. आई गेल्याचं गल्लीतल्या पानवाल्यानं सांगितलं होतं. बाप दारू पितो हे मला कोणीच सांगितलं नव्हतं. पीतच असणार, म्हणून लिहिलं.

बोर्डाच्या ऑफिसबाहेर मी हे पर्चे वाटत होते. एक बाई स्कूटीवरून उतरल्या, पर्चा घेतला, कट्ट्यावर बसल्या आणि पर्समधून पेन्सिल काढून खुणा करायला लागल्या. मला वाटलं, मास्तरीण असेल.

"तू लिहिलास? नानाखेड्याच्या त्या बँकवाल्या जोशींची मुलगी ना तू?"

"हो. का?"

"हे आरोपी समाज जे लिहिलंस, त्याचा पत्ता लिही ना. समन्स कुठे पाठवायचं?"

मी त्यांना समाज या विषयावर दहा मिनिटं ऐकवलं. त्यांनी पूर्ण ऐकलं. मग म्हणाल्या, "तुझं सगळं बरोबर आहे. पण बोर्डाला मी काय लिहू? समाजाला आत टाका, हिला सोडा? आणि ज्यांचा डोळा गेला ते काका कुठे आहेत ह्याच्यात? त्यांचं घर पण घरच आहे. मी काल जाऊन आली. ते विचारून राहिले होते, बेटी को मुझसे क्या दुश्मनी थी. दे उत्तर."

पर्च्यात काकांचा एक शब्द नव्हता.

"आणि हे बघ. नाव बदललंस, शाबास. गल्ली तीच ठेवलीस. त्या गल्लीत आरसे फोडणाऱ्या सोळा वर्षांच्या मुली किती आहेत? पाच-सहा?"

मी हातातले उरलेले पर्चे पाठीमागे घेतले.

"किती वाटलेस?"

"तीनशे. गल्लीतच जास्त. व्हॉट्सॲपवर वेगळे."

त्यांनी पर्चा घडी करून पर्समध्ये टाकला. "अशा मुलीची ओळख छापली म्हणून तुझ्यावर केस होते, मालूम आहे? ते जाऊ दे. बैस मागे. तिच्याच घरी चालली आहे मी. तू काय केलंस, ते बघ तरी."

घर दीड खोलीचं. मुलगी तेव्हा मुलींच्या निरीक्षणगृहात होती. बाप दारातच उभा होता, धुतलेला शर्ट, कपाळाला गंध. हातात माझा पर्चा. मला न ओळखता त्यानं तो बाईंपुढे धरला. "मैडम, मैं शराब पीता हूँ? पूछ लो पूरे मोहल्ले में. आज तक एक बूँद नहीं. और हाथ? हाथ नहीं लगाया मैंने लड़की को. कसम खा के बोलता हूँ."

तो खरं बोलत होता. ते नंतर सगळ्या गल्लीनं सांगितलं.

बाईंनी पाणी मागितलं. मुलीच्या आजीनं आणून दिलं. मग तो प्रश्न आला. आजीनं बोट दाखवलं ते उंबऱ्याकडे.

"यहाँ? दरवाज़े में?"

"हाँ, आड़ी." आजी म्हणाली. मुलीची आई एकदा घर सोडून जाते म्हणाली होती, तेव्हापासून मुलीला दारात आडवी झोपवत होते. आई उठली तर हिला जाग येईल म्हणून. मुलगी तेव्हा अकरा वर्षांची. कडीला कुलूप लावलं तर लोक काय म्हणतील, म्हणून मुलगी लावली. आणि एके पहाटे आई तिच्या अंगावरून पाय टाकून गेली. हिला जाग आली नाही. की आली आणि ती उठली नाही, ते अजून कोणाला माहीत नाही.

"फिर आपने क्या कहा लड़की को?" बाईंनी बापाला विचारलं.

"कुछ नहीं कहा." तो ताठ झाला. त्याच्या आवाजात अभिमान होता, हे मी शपथेवर सांगेन. "उस दिन से आज तक कुछ नहीं कहा. पाँच साल हो गए. अपनी माँ को भी बोल दिया था, इससे कोई बात नहीं करेगा. थाली रख दो, बात नहीं."

आजी पदराशी चाळा करत होती. बाईंनी ग्लास खाली ठेवला. "और आप कहाँ सोते हो?" त्यांनी बापालाच विचारलं.

तो गोंधळला. मग हळूच म्हणाला, "छत पे." पाच वर्षं. थंडीतसुद्धा. त्या खोलीत त्याला झोप येत नव्हती.

परत येताना स्कूटीवर मी ओरडले, "राक्षस आहे तो माणूस!"

"राक्षसाचा कॉलम नाही फॉर्मात," बाई म्हणाल्या. "गल्लीतले लोक त्याला पाच वर्षं विचारतायत, जोरू नहीं सँभली? तो काय करेल, सगळ्यांचं तोंड धरेल? त्याला एकच तोंड बंद करता आलं, स्वतःचं. ते त्यानं केलं. बरोबर केलं असं नाही म्हणत मी. कसं केलं, ते सांगून राहिली आहे."

आता कळीचा प्रश्न असा होता की ही मुलगी जाणार कुठे. बोर्डाची तारीख पंधरा दिवसांवर होती. बापाच्या घरी पाठवलं तर पुन्हा तोच उंबरा आणि तीच थाळी. बाईंनी तिची मावशी शोधून काढली होती, शहराच्या दुसऱ्या टोकाला. मावशी तयार होती, तिचा नवराही. रिपोर्टमध्ये बाई तेच लिहिणार होत्या. आणि त्याच आठवड्यात मावशीचा फोन आला, "मैडम, नहीं रख पाऊँगी."

कारण माझा पर्चा. मावशीनं सासरी कधी सांगितलंच नव्हतं की तिची बहीण घर सोडून गेली आहे. बहीण सुरतला कामाला असते, असं सांगून तिनं पाच वर्षं काढली होती. व्हॉट्सॲपवरून फिरत फिरत तो पर्चा तिच्या सासूच्या फोनमध्ये पोचला. 'घर सोडून गेलेली आई.' खाली गल्लीचं नाव. जिला मी कधी पाहिलंही नव्हतं, त्या बाईचं जगणं मी एका ओळीत अवघड करून ठेवलं होतं, तेही तिच्याच भाचीच्या बाजूनं लढताना.

"मी खुलासा काढते," मी बाईंना म्हटलं. "उद्याच्या उद्या."

"अजून एक पर्चा? म्हणजे पहिला ज्यांनी नाही वाचला ते पण वाचतील." बाई पहिल्यांदाच चिडल्या. "तुझ्या तोंडाला काय झालं आहे? तीनशे लोकांना कागद देतेस, एका माणसाशी बोलायला जात नाहीस. तो बाप आणि तू, एकाच माळेचे मणी."

हे मला लागलं. आजही लागतं.

आम्ही मावशीच्या घरी गेलो. बाईंनी रस्त्यात एवढंच बजावलं, "खोटं नाही बोलायचं. तुझ्या खोट्यानंच इथवर आलो आपण." सासू पलंगावर बसलेली, पाय सुजलेले, बाजूला टीव्ही बंद. मावशी स्वयंपाकघराच्या दारात. मी उभ्यानंच सांगितलं, "ये मैंने लिखा है. बिना देखे लिखा. बाप शराबी नहीं है. मारता नहीं है. वो सब मैंने अपने मन से लिखा."

सासूनं मला वरपासून खालपर्यंत बघितलं. "अच्छा. तो माँ भी नहीं भागी?"

इथे मला मोह झाला. एक 'नहीं' म्हटलं असतं तर सगळं मिटलं असतं. मावशी माझ्याकडे अशी बघत होती की बघवेना. मी बाईंकडे पाहिलं. बाई ग्लासातल्या पाण्याकडे बघत होत्या.

"गई है," मी म्हटलं. "वो सच है."

मग सासू सुनेवर उखडली. "पाँच साल! पाँच साल तू मेरे को सूरत की साड़ी के भाव सुनाती रही! मैं भी बोलूँ, ये बहन कभी फोन क्यों नहीं करती! अरे गई तो गई, आदमी के घर से औरतें जाती नहीं हैं क्या? मेरी ननद गई थी. मेरे से क्यों छुपाया?" मावशी रडायला लागली, सासू अजून ओरडायला लागली. मला वाटलं, संपलं. बाई मात्र आरामात पाणी प्यायल्या आणि दोघींच्या मध्ये घुसून म्हणाल्या, "माताजी, लड़की यहाँ आई तो सोएगी कहाँ?"

सासूचं ओरडणं मध्येच थांबलं. तिनं खोलीवर नजर फिरवली, जणू आपलीच खोली पहिल्यांदा बघते आहे. "यहीं सो जाएगी, मेरे पास. और कहाँ? पर मैं पहले बोल देती हूँ, मेरे को गूँगी लड़की नहीं चलेगी. ये दोनों काम पे चले जाते हैं, मैं दिन भर दीवार से बात करती हूँ."

तेवढ्यात नवरा आला. त्याला सगळं सांगितल्यावर तो डोकं खाजवत म्हणाला, "रख लो. हमारे पास तो गाड़ी ही नहीं है. फोड़ेगी क्या?"

बोर्डानं मुलीला मावशीकडे पाठवलं. काकांच्या घरी बाई तिला स्वतः घेऊन गेल्या. तिनं माफी मागितली की नाही, ते मला ठाऊक नाही. बाईंनी सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही. विचारलं असतं तर लिहिलं असतं. एवढं माझ्या ध्यानात यायला लागलं होतं.

जोडलेला कागद मात्र मी मागून मागून पाहिला. नावं झाकून बाईंनी एकच परिच्छेद वाचू दिला. त्यात लिहिलं होतं की घरात पाच वर्षं या मुलीशी कोणी बोललं नाही. आरसे का फोडले, असं विचारल्यावर ती म्हणाली, आवाज अच्छी आती थी. आणि खाली बाईंचं वाक्य: घरात अबोला असला की आरसे फुटतातच असं नाही. हिच्या बाबतीत फुटले.

मी वाद घातला. कारण आहे की नाही, ते एकदा ठरवा. नुसतं 'हिच्या बाबतीत' म्हणजे काय? यावर बाईंनी त्यांच्या फ्रीगंजच्या घरी, पोहे हलवता हलवता, जे सांगितलं ते मी कुठल्याच बैठकीत ऐकलेलं नव्हतं. "आमच्या घरात पण अबोला चालायचा. नाना, माझे वडील, आईशी चार-चार महिने नाही बोलायचे. निरोप माझ्या हातून. आईला सांग मीठ कमी आहे. नानांना सांग गॅस संपला आहे. मी आठ वर्षांची. मी कोणाचा आरसा नाही फोडला. माझा भाऊ पण त्याच घरात वाढला, त्यानं बायकोवर हात उचलला आणि बायको सोडून गेली. मी नोकरीला लागली आणि लोकांच्या घरात घुसून विचारत सुटली, कुठे झोपता, काय बोलता. ही पण एक बीमारीच आहे, फक्त सरकार तिच्यासाठी पगार देतं. घर एकच, माणसं दोन तऱ्हेची निघाली. म्हणून पेन्सिल."

मग माझ्या पुढ्यात पोहे ठेवून म्हणाल्या, "तू समाज लिहितेस ते खोटं नाही. लिहीत जा. फक्त त्याला घर नंबर दे, आणि तो छापू नको."

तीन महिन्यांनी मुलीनं मावशीच्या भिंतीवरचा आरसा फोडला. मी घाबरून बाईंना फोन केला. "एकच?" त्यांनी विचारलं. "बरं. सासू काय म्हणाली?" सासूनं तिला दिवसभर शिव्या घातल्या होत्या, तोंड दुखेपर्यंत. "मग ठीक आहे," बाई म्हणाल्या. "बोलणं चालू आहे."

गेल्या वर्षी बाई गेल्या. रिटायर होऊन फार दिवस झाले नव्हते. शेवटी दवाखान्यात मी जायचे. तिथेही पलीकडच्या खाटेवरच्या बाईला त्या विचारत, तुमच्याबरोबर रात्री कोण राहतं, आणि ते झोपतं कुठे. एकदा मला म्हणाल्या, "मी मेली की माझ्यावर पर्चा काढशील, मालूम आहे मला. काढ. माझं नाव लिही, फ्रीगंज लिही, नाना लिही, भाऊ पण लिही. ते कोणी आता नाहीत, माझी हरकत नाही. पण त्या मुलीला विचारून काढ."

म्हणून हे लिहून झाल्यावर मी तिच्याकडे गेले. ती आता मोठी झाली आहे, कमावते. काय करते ते लिहीत नाही. मी सगळं तिला हिंदीत वाचून दाखवलं. बापाच्या ठिकाणी ती खिडकीबाहेर बघत होती. "छत पे लिखा है ना? रहने दो," म्हणाली. आरशांचं विचारलं, राहू देऊ? "रहने दो. वो तो सबको मालूम है." काकांच्या ठिकाणी तिनं मला थांबवलं आणि ते वाक्य पुन्हा वाचायला लावलं.

वाचून संपलं. मी विचारलं, काही काढायचं आहे का. तिनं नकारार्थी मान हलवली.

"एक बात जोड़नी है. मैडम होतीं तो पहले यही पूछतीं. आपने पूछा ही नहीं."

मग मी विचारलं.

तिनं दाखवलं. खिडकीखाली पलंग, स्वतः घेतलेला, भिंतीला लावलेला. दार खोलीच्या दुसऱ्या टोकाला, आणि कडी ती आतून स्वतःच्या हातानं लावते. पलंगावर पाय पूर्ण लांब करता येतात. मी बसून पाहिलं.